कापलेल्या मज्जातंतूला आपली जागा कशी सापडते?

प्रश्न असा आहे: हाताचा मज्जातंतू कापला गेला, शिवला आणि पुन्हा वाढू लागला. त्यात हजारो अक्षतंतू, म्हणजे चेतापेशींचे लांब धागे, असतात, काही स्नायूंकडे जाणारे (प्रेरक), काही त्वचेकडून येणारे (संवेदी). त्यातला प्रत्येक तंतू नेमका आपल्याच पेशीशी कसा जोडला जातो? ती पेशी त्याला रसायनांनी बोलावून घेते, की वाट मिळेल तिकडे तो जातो आणि बाकी सगळा योगायोग?

मज्जातंतूंच्या दुरुस्तीचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. या प्रश्नात एक गृहीतक दडलं आहे, ते आधी बाजूला ठेवू या. पूर्ण कापल्या गेलेल्या मज्जातंतूत प्रत्येक अक्षतंतू आपल्या मूळ पेशीपर्यंत पोचतच नाही. पुष्कळ तंतू भलतीकडे जातात, काही कुठेच पोचत नाहीत. तरीही जे जोड बनतात ते निव्वळ योगायोगाने बनले असते त्यापेक्षा बरेच चांगले असतात, आणि खरं कोडं या ‘बरेच चांगले’मध्ये आहे. माझं उत्तर असं: लक्ष्यपेशी ‘जोड कुठे करायचा’ हे विलक्षण अचूक सांगते, पण ‘जोड कोणी करायचा’ हे फार ढोबळपणे सांगते. उरलेली निवड वाटेत होते, आणि जोड बनून गेल्यावर होणाऱ्या छाटणीत होते.

ही कल्पना समजायला आधी जुने प्रयोग बघावे लागतात, कारण त्यातून वेगळंच चित्र उभं राहिलं होतं. 1895 मध्ये केंब्रिजच्या जॉन लँगलीने मांजराच्या मानेतल्या सिंपथेटिक मज्जातंतूवर, म्हणजे बाहुली, रक्तवाहिन्या अशा आपोआप चालणाऱ्या गोष्टींवर ताबा ठेवणाऱ्या मज्जातंतूवर काम केलं. मानेच्या वरच्या टोकाला जी चेतापेशींची गाठ असते, तिथे मज्जारज्जूच्या छातीच्या भागातून तंतू येतात. पहिल्या वक्षीय पातळीवरून निघणाऱ्या तंतूंना उत्तेजन दिलं की बाहुली विस्फारते, पण कानाच्या रक्तवाहिन्यांवर परिणाम होत नाही. चौथ्या पातळीवरच्या तंतूंना दिलं की कानाच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, बाहुली तशीच राहते. लँगलीने हे सगळे तंतू मानेत एकत्रच कापले, पुन्हा वाढू दिले आणि परत तपासलं. पहिल्या पातळीचे तंतू पुन्हा बाहुलीवर काम करत होते, चौथ्या पातळीचे कानावर. गाठीतल्या पेशी एकमेकींत मिसळलेल्या असतात, त्यामुळे ‘जागा बरोबर सापडली म्हणून पेशी बरोबर सापडली’ असं म्हणायची सोय नव्हती. तंतू आणि पेशी यांच्यात काही रासायनिक ओळख असली पाहिजे, असा निष्कर्ष त्याने काढला.

पुढे 1943 मध्ये रॉजर स्पेरीने न्यूट या उभयचर प्राण्याचा डोळा 180 अंशांत फिरवून बसवला आणि नेत्रतंतू कापला. उभयचरांत तो पुन्हा वाढतो. दृष्टी परत आली, पण उलटी. भक्ष्य वर धरलं की प्राणी खाली झेप घ्यायचा आणि हे कधीच सुधारलं नाही. म्हणजे दृष्टिपटलाच्या प्रत्येक भागातले तंतू मेंदूतल्या आपल्या जुन्या ठिकाणी परत गेले होते, डोळा फिरवल्याने ते ठिकाण चुकीचं ठरत असूनही. 1963 मध्ये त्याने रासायनिक आत्मीयतेचा सिद्धांत मांडला: प्रत्येक तंतूवर आणि प्रत्येक लक्ष्यपेशीवर रासायनिक खूण असते आणि जुळणाऱ्या खुणा एकमेकींना ओळखतात. या खुणा प्रत्येक पेशीसाठी वेगळ्या नसून चढउतारांच्या स्वरूपात आहेत, म्हणजे एका टोकाला जास्त आणि दुसऱ्या टोकाकडे हळूहळू कमी, हे 1995 मध्ये एफ्रिन या प्रथिनांमुळे स्पष्ट झालं. नेत्रतंतूंच्या टोकांवर एफ नावाचे ग्राहक, म्हणजे रासायनिक खूण ओळखणारी प्रथिनं, असतात. ज्या तंतूवर ते जास्त, तो एफ्रिन जास्त असलेल्या भागापासून दूर ढकलला जातो. यातली बरीच खूण ‘ये’ म्हणणारी नसून ‘इकडे येऊ नको’ म्हणणारी आहे, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

लँगली आणि स्पेरी वाचून अनेकांची अशी समजूत होते की माणसाच्या हातातही प्रत्येक स्नायूपेशीचं कुलूप ठरलेलं आहे आणि प्रत्येक तंतूकडे त्याची किल्ली आहे. तसं नाही. लँगलीचा प्रयोग 1970 च्या दशकात डेल पर्व्हस आणि सहकाऱ्यांनी गिनीपिगमध्ये एकेका पेशीत इलेक्ट्रोड घालून पुन्हा केला. निवड खरी निघाली, पण ती ‘हो किंवा नाही’ अशी नव्हती. एकाच गाठीतल्या पेशीला शेजारशेजारच्या अनेक पातळ्यांवरून तंतू येत होते, फक्त काहींचं प्रमाण जास्त होतं. ओळख होती, पण झुकावाच्या रूपात. गोल्डफिशमध्ये दृष्टिपटलाचा अर्धा भाग काढून टाकला तर उरलेल्या अर्ध्याचे तंतू कालांतराने मेंदूचा सगळा दृष्टिभाग व्यापतात, हेही त्याच काळात दिसलं. खुणा दिशा देतात, पण जागा मोकळी असेल तर तंतू पसरतात.

आता हाताकडे येऊ. मज्जातंतू कापला की मज्जारज्जूतल्या किंवा त्याच्या शेजारच्या गाठीतल्या पेशीपासून तुटलेला अक्षतंतूचा पलीकडचा भाग मरतो. 1850 मध्ये ऑगस्टस वॉलरने हे दाखवलं. पण अक्षतंतू ज्या नळीत होता ती नळी मरत नाही. तिची भिंत बेसल लॅमिना नावाच्या पातळ आवरणाची असते आणि आत श्वॉन पेशी असतात. या पेशी मायेलिन, म्हणजे अक्षतंतूभोवतीचं स्निग्ध वेष्टण, बनवण्याचं काम सोडतात, कचरा साफ करायला मदत करतात आणि नळीच्या लांबीभर रांगेत उभ्या राहतात. वाढणारा तंतू याच रांगेवरून पुढे सरकतो, साधारणपणे दिवसाला 1 मिलिमीटर. कोपराजवळची जखम आणि हाताच्या पंजातला छोटा स्नायू यांत 300 मिलिमीटर अंतर असेल, तर पोचायला दहा महिने लागतात.

म्हणून जखम चिरडण्याची होती की कापण्याची, यावर जवळजवळ सगळं ठरतं. चिरडल्यावर अक्षतंतू तुटतो पण नळी अखंड राहते. अशा वेळी त्याला निवड करावीच लागत नाही. तो आपल्याच जुन्या नळीतून जुन्याच टोकाला पोचतो. 2002 मध्ये उंदरांत चमकणाऱ्या प्रथिनाने रंगवलेले तंतू जिवंतपणी पुन्हा पुन्हा बघितले गेले तेव्हा नळी अखंड असलेले तंतू पूर्वीच्याच फांद्यांवरून पूर्वीच्याच सिनॅप्सपाशी, म्हणजे तंतू आणि स्नायू यांच्या जोडापाशी, आलेले दिसले, इतके तंतोतंत की आधीचं आणि नंतरचं चित्र वेगळं ओळखणं कठीण जावं. ही अचूकता रासायनिक ओळखीची नाही. ती वाट टिकून राहिल्याची आहे.

कापलेल्या मज्जातंतूत मात्र दोन टोकांमध्ये फट असते आणि नळ्यांची तोंडं एकमेकांसमोर येत नाहीत, कितीही बारकाईने शिवलं तरी. त्या फटीत काय होतं हे गेल्या काही वर्षांत सुंदर उलगडलं आहे. प्राणवायू कमी पडल्याचं तिथल्या मॅक्रोफेज या कचरा साफ करणाऱ्या पेशींना जाणवतं. त्या रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन सोडतात, रक्तवाहिन्या फट ओलांडतात, त्यांना धरून श्वॉन पेशी सरकतात आणि श्वॉन पेशींना धरून अक्षतंतू. या टप्प्यात कुणीही ‘तू स्नायूचा का त्वचेचा’ असं विचारत नाही. एकेक तंतू अनेक फांद्या फेकतो, त्या आडव्यातिडव्या भटकतात आणि वेगवेगळ्या नळ्यांत शिरतात.

मग पलीकडचं टोक त्यांना ओढतं का? रामोन इ काहालने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वाढणाऱ्या तंतूचं टोक वर्णन केलं आणि ते रासायनिक आकर्षणाने वळतं असं सुचवलं. 1940 च्या दशकात पॉल वाइसने इंग्रजी वाय आकाराच्या नळ्या वापरून ते नाकारलं. त्याच्या मते तंतू फक्त आधार मिळेल तिकडे जातात. 1980 च्या दशकात सिलिकॉनच्या तशाच नळ्यांनी प्रयोग पुन्हा झाले. एका फांदीत मज्जातंतूचं टोक आणि दुसरीत स्नायुबंधाचा तुकडा असेल, तर तंतू मज्जातंतूकडे जातात. म्हणजे आकर्षण आहे, पण ते ‘मज्जातंतू की दुसरं काही’ एवढं ओळखतं. ‘या स्नायूचा मज्जातंतू की त्या स्नायूचा’ हे ओळखण्यात ते बरंच कमजोर आहे.

याच्या मधली पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ‘स्नायू की त्वचा’ ही. 1988 मध्ये टॉमस ब्रशर्टने उंदराच्या मांडीतल्या फिमोरल मज्जातंतूवर हा प्रश्न लावला. तो पुढे दोन फांद्यांत वाटला जातो, एक मांडीच्या मोठ्या स्नायूकडे, दुसरी त्वचेकडे. वाटण्याच्या जरा वर तो कापला, म्हणजे प्रत्येक प्रेरक तंतूला दोन्ही फांद्या सारख्याच जवळ. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत प्रेरक तंतू दोन्हींत जवळपास सारखेच शिरलेले दिसले. काही आठवड्यांनी पाहिलं तर स्नायूच्या फांदीत ते स्पष्टपणे जास्त होते. टोकं मुद्दाम वाकडी जोडली तरीही तसंच झालं.

हे घडलं ते आधी बरोबर निवड करून नव्हे, आधी सगळीकडे जाऊन मग चुकीची फांदी काढून टाकून. एकच प्रेरक पेशी दोन्ही वाटांत फांद्या पाठवते आणि काही आठवड्यांनी त्वचेकडची मागे घेते. त्वचेच्या फांदीत तिच्या वाढीला पुरेसा आधार मिळत नाही, स्नायूच्या फांदीत मिळतो. हा आधार कुठून येतो यावर दोन मतं आहेत आणि माझ्या मते दोन्ही बरोबर आहेत. एक म्हणजे श्वॉन पेशी स्वतःच वेगळ्या असतात: प्रेरक वाटेतल्या पेशी आणि संवेदी वाटेतल्या पेशी वेगवेगळे वाढकारक घटक बनवतात, आणि एचएनके-1 ही शर्करायुक्त खूण प्रेरक वाटेत ठळक असते. दुसरं म्हणजे टोकाशी स्नायू असणं आणि तो किती मोठा आहे हे. स्नायूचा आणि त्वचेचा मज्जातंतू टोकाशी आपापल्या अवयवाला जोडलेले ठेवले की निवडीचं पारडं एका बाजूला झुकतं, आणि दोन्ही तिथून तोडून फक्त नळ्यांपुरते उरले की ते वेगळं झुकू शकतं. म्हणजे प्रेरक पेशी पत्ता वाचत नाही, आपल्या कुठल्या फांदीला चांगलं पोषण मिळतंय याची तुलना करते.

फांद्या जितक्या लवकर फुटतील आणि एकाच वेळी तुलनेला येतील तितकी निवड चांगली होते. टेसा गॉर्डन यांच्या गटाने 2000 मध्ये दाखवलं की कापलेल्या फिमोरल मज्जातंतूच्या वरच्या टोकाला शिवतानाच 20 हर्ट्झने केवळ एक तास विद्युत उत्तेजन दिलं, तर जे काम आठ ते दहा आठवड्यांत होत असे ते तीन आठवड्यांत होतं आणि प्रेरक तंतूंची योग्य फांदीकडची ओढ वाढते. उत्तेजनाने तंतूंचा वेग वाढत नाही. ते फट ओलांडायला लवकर निघतात. माणसात कार्पल टनेलच्या (मनगटात दबलेला मज्जातंतू मोकळा करण्याच्या) शस्त्रक्रियेनंतर हाच उपाय करून 2010 मध्ये चांगले निकाल मिळाले. निवडीवर बाहेरून परिणाम करता येतो, याचा इतका साधा पुरावा दुसरा नाही.

वाटेतली निवड आणखी बारकाईने बघायची तर झीब्राफिशच्या अळ्यांकडे जावं. त्या पारदर्शक असतात, त्यामुळे तंतू वाढताना थेट दिसतो. मायकल ग्रॅनाटो यांच्या प्रयोगशाळेने 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात, पाठीच्या स्नायूंकडे जाणारा मज्जातंतू लेझरने कापल्यावर त्याचे तंतू फाट्यावर येऊन बरोबर आणि चूक अशा दोन्ही दिशा चाचपताना दिसले. चुकीच्या दिशेचे माघार घेतात. फाट्याशी असलेल्या काही मोजक्या श्वॉन पेशी एक विशिष्ट कोलाजेन आणि स्लिट नावाचं दूर ढकलणारं प्रथिन मांडून ठेवतात, आणि कोलाजेन नीट घडवणारं एन्झाइम नसलेल्या माशांत तंतू सर्रास चुकतात. इथेही लक्ष्यपेशीने हाक मारलेली नाही. फाट्यावरच्या पेशीने चुकीच्या वाटेला अडवलं आहे.

आता ‘कुठे’कडे वळू या, कारण तिथली अचूकता थक्क करते. स्नायूतंतूच्या पृष्ठभागाचा साधारण 0.1 टक्का भाग सिनॅप्सने व्यापलेला असतो. परत आलेला तंतू मात्र जवळजवळ नेहमी त्याच जुन्या ठिपक्यावर जोड करतो. 1978 मध्ये सेन्स, मार्शल आणि मॅकमहन यांनी बेडकाच्या स्नायूवर याचं कारण शोधलं. त्यांनी मज्जातंतू तोडला, स्नायूतंतूही नष्ट केले आणि ते पुन्हा वाढू नयेत म्हणून क्ष-किरण दिले. मागे उरली फक्त बेसल लॅमिनाची रिकामी आवरणं. तंतू परत आले ते त्या रिकाम्या आवरणांवरच्या जुन्याच जागी, आणि तिथेच त्यांनी रसायन सोडणारी टोकं घडवली. समोर स्वागताला पेशीच नव्हती! पुढे उलट प्रयोगही झाला: स्नायू पुन्हा वाढू दिला, मज्जातंतू येऊ दिला नाही, तरी ॲसिटिलकोलिनचे, म्हणजे प्रेरक तंतू स्नायूला संदेश देताना सोडतो त्या रसायनाचे, ग्राहक त्याच जागी गोळा झाले. म्हणजे जोडाची खूण दोन पेशींच्या मधल्या आवरणात लिहिलेली होती.

त्या शोधातूनच ॲग्रिन हे प्रथिन सापडलं. ते आवरणात अडकून राहतं आणि स्नायूच्या बाजूच्या एलआरपी4 आणि मस्क या प्रथिनांमार्फत ग्राहक एका जागी जमवतं. लॅमिनिनचा एक खास प्रकार, बीटा-2 असलेला, फक्त सिनॅप्सच्या जागी असतो आणि तो तंतूला थांबायला व टोक घडवायला सांगतो. तंतूने आपल्याच जुन्या जागी यावं यात त्या स्नायूतंतूला फार काही करावं लागत नाही. मात्र ही खूण ‘इथे’ सांगते, ‘अमुक तंतूने’ सांगत नाही. शेजारच्या स्नायूचा प्रेरक तंतू तिथे आला तरी तो तितक्याच आनंदाने जोडला जातो.

‘कोणी’ किती ढोबळ आहे हे दवाखान्यात रोज दिसतं. चेहऱ्याचा मज्जातंतू बरा झाल्यावर डोळा मिटला की तोंडाचा कोपरा ओढला जातो. प्रेरक तंतू भलत्या स्नायूंकडे गेले, पण जोड उत्तम बनवले. जखम बरीच वर असेल तर लाळग्रंथींकडचे तंतू अश्रुग्रंथीकडे जातात आणि जेवताना डोळ्यांत पाणी येतं. पॅरोटिड या कानाजवळच्या लाळग्रंथीच्या शस्त्रक्रियेनंतर लाळेचे तंतू गालाच्या त्वचेतल्या घामग्रंथींना मिळतात आणि जेवताना गालावर घाम येतो. 1923 मध्ये लुत्सिया फ्रे यांनी याचं वर्णन केलं. तंतू इतके चुकूनही जोड का चालतात? कारण घामग्रंथी ॲसिटिलकोलिन या संदेशवाहकालाच उत्तर देतात आणि लाळेचे तंतूही तेच सोडतात. संदेशवाहक जुळला की ढोबळ ओळख समाधानी होते. संवेदी तंतू मात्र स्नायूच्या प्रेरक सिनॅप्सवर काम करणारा जोड बनवू शकत नाही, कितीही जवळ आला तरी. त्याच्याकडे योग्य संदेशवाहकच नसतो.

काही वेळा लक्ष्यपेशी स्वतःच बदलून घेते. 1960 मध्ये बुलर आणि एक्लिस आडनावाचे दोन संशोधक यांनी मंद आणि वेगवान स्नायूंचे मज्जातंतू अदलाबदल करून जोडले, तेव्हा स्नायूंचा वेगही बऱ्याच अंशी बदलला. तंतूने योग्य स्नायू शोधला नाही, स्नायू तंतूसारखा झाला. जुळणी शेवटी दिसते, तेव्हा ती निवडीने झाली की बदलाने, हे विचारायला हवं. मी तरुण सहकाऱ्यांना हे नेहमी विचारायला लावतो, कारण सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही सारखेच दिसतात.

शेवटचा टप्पा छाटणीचा. पुन्हा जोडणी होताना एकाच स्नायूतंतूवर दोन-तीन अक्षतंतू पोचतात, कधी एका सिनॅप्सवरून श्वॉन पेशीच्या फांदीवर चढून शेजारच्या सिनॅप्सवरही. काही आठवड्यांत त्यातले बाकीचे मागे हटतात आणि एकच उरतो. कोण उरणार हे त्यांच्या एकमेकांच्या तुलनेतल्या सक्रियतेवर, म्हणजे कोणते संदेश स्नायूला परिणामकारक रीतीने पोचतात यावर बऱ्याच अंशी ठरतं. माशांच्या नेत्रतंतूंत टेट्रोडोटॉक्सिन या विषाने विद्युतसंदेश बंद केले तर ढोबळ नकाशा तयार होतो, पण त्याचं बारीक रेखाटन होत नाही. ढोबळ काम रसायनांचं, बारीक काम सक्रियतेचं.

त्वचेतलं चित्र थोडं वेगळं आहे. मांजराच्या त्वचेतल्या मर्केल या स्पर्श टिपणाऱ्या पेशींच्या छोट्या उंचवट्यांकडे चिरडलेल्या मज्जातंतूतून परत येणारे तंतू बहुधा योग्य प्रकारचेच असतात, हे 1973 मध्ये दाखवलं गेलं. पण ‘प्रकार’ बरोबर असणं आणि ‘जागा’ बरोबर असणं यांत फरक आहे. 1903 मध्ये हेन्री हेड या डॉक्टरने आपल्याच हाताचा त्वचेकडचा मज्जातंतू कापवून घेतला आणि संवेदना परत येताना वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या. स्पर्श परत आला, पण तो कुठे झाला हे सांगताना गोंधळ राहिला. तंतू त्वचेत पोचले होते, फक्त मेंदूला ठाऊक असलेल्या ठिकाणी नाही. लहान मुलांमध्ये मेंदू हा नवा नकाशा बऱ्यापैकी शिकून घेतो. मोठ्यांत तसं सहज होत नाही, आणि म्हणून संवेदनेचं पुनर्प्रशिक्षण तंतू पोचल्याबरोबर सुरू करावं लागतं.

या सगळ्यावरून मी शस्त्रक्रियेत काय ठरवतो? तंतूच्या ओळखीवर विसंबत नाही. स्नायूचे आणि त्वचेचे गट जिथे वेगळे दिसतात, उदाहरणार्थ करंगळीच्या बाजूने पंजात जाणाऱ्या अल्नर मज्जातंतूत मनगटाशी, तिथे गट गटाला जोडतो, कारण एकदा प्रेरक तंतू त्वचेच्या नळीत लांब गेला की छाटणीला उशीर होतो. जखम फार वर असेल तर लांबचा प्रवास टाळून जवळचा, कमी महत्त्वाचा प्रेरक गट स्नायूच्या अगदी शेजारी आणून जोडणं अनेकदा बरं पडतं. शल्यचिकित्सक ओबेर्लिनने 1994 मध्ये बायसेप्ससाठी (कोपर वाकवणाऱ्या दंडाच्या स्नायूसाठी) अल्नरचा एक छोटा गट असाच वापरला. तिथे ‘कोणी’ हा प्रश्न शल्यचिकित्सक सोडवतो आणि ‘कुठे’ हा बेसल लॅमिनावर सोडून देतो. ती हे काम करते, पण फार उशीर करून चालत नाही: साधारण वर्ष-दीड वर्षानंतर मज्जातंतूविना राहिलेला स्नायू झिजतो, श्वॉन पेशींचा आधार ओसरतो, आणि तंतू पोचला तरी जोड कमजोर होतात.